बँड घट्ट करून घ्यायची घाई नको

पत्र: मॅडम, नमस्कार. मी अमळनेरची, वय ४१. डिसेंबरात पुण्याला माझं वजन उतरवायला पोटाला बँड बसवायचं ऑपरेशन झालं. तेव्हा वजन १०८ होतं, फेब्रुवारीअखेर ९७ झालं. बँड घट्ट करायला त्यात दोनदा पाणी भरलं, दुसऱ्यांदा मार्चच्या सुरुवातीला. तेव्हापासून भाकरी नीट उतरत नाही. मध्यंतरी पुतण्याच्या साखरपुड्यात वरण-बट्टी होती. दुसऱ्याच घासाला छातीत अडकली, तोंडात लाळ-फेस भरून आला, मोरीत जाऊन सगळं ओकून यावं लागलं. चारचौघांत लाज वाटली. तेव्हापासून मी मऊच खाते: खिचडी, दूध-भात, केळं, चहात बुडवलेली बिस्किटं. तरी महिनाभरात वजन उतरलं नाही, उलट अर्धा किलो चढलं. बँड आणखी घट्ट करून घेऊ का? जाऊबाईंच्या भावाचं असंच ऑपरेशन झालं, त्यांचे सहा महिन्यांत तीस किलो गेले. सासूबाई म्हणतात एवढुशा खाण्यानं अंगात त्राण राहायचं नाही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी जायचंय, तिथं काय करू? केस फार गळतात. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून गोळी आणून घेते. बीपीची आणि शुगरची गोळी चालू आहे. आजकाल रात्री आडवी झाले की आंबट पाणी घशाशी येतं आणि खोकल्याची उबळ लागते, पण ते उन्हाळ्यामुळे असेल. पुढची तपासणी मे अखेरीस आहे.

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही शेवटी लिहिलीत आणि उन्हाळ्यावर ढकलून मोकळ्या झालात. आडवं पडल्यावर आंबट पाणी वर येणं आणि रात्रीचा खोकला हे उन्हाळ्याचं काम नव्हे. भाकरी न उतरणं, लाळ-फेस येणं आणि हा खोकला, तिन्ही सुरू झालं ते दुसऱ्यांदा पाणी भरल्यावरच. अशा वेळी पहिला संशय घ्यायचा तो बँड गरजेपेक्षा जास्त घट्ट झाल्याचा. दुसरा, तो जागेवरून सरकल्याचा. यातलं काहीही असलं तरी तो आणखी आवळणं म्हणजे आगीत तेल. तुमच्या बाबतीत बहुधा थोडं पाणी काढावं लागेल.

म्हणून मे अखेरची वाट बघू नका. उद्या सकाळी सर्जनच्या दवाखान्यात फोन लावा आणि ‘वजन उतरत नाही’ असं सांगू नका, कारण ते ऐकून समोरचा माणूस ‘या, थोडं पाणी भरू’ म्हणण्याची शक्यता आहे. सांगायचं ते असं: दुसऱ्यांदा पाणी भरल्यापासून घन अन्न उतरत नाही, आठवड्यातून इतक्यांदा उलटी होते, रात्री आंबट पाणी येतं, झोपेत खोकला येतो. ही चार वाक्यं ऐकून कुठलाही बँडचा डॉक्टर तुम्हाला लवकर बोलावेल. बहुधा औषध प्यायला देऊन एक्स-रे काढतील, म्हणजे वाट किती अरुंद आहे आणि बँड जागेवर आहे का हे दिसतं. पाणी काढायला भूल लागत नाही, पाच-दहा मिनिटांचं काम असतं, आणि पुष्कळांना त्याच दिवशी मोकळं वाटतं. त्यानं ऑपरेशन वाया जात नाही. सूज उतरली की पुन्हा थोडं थोडं भरता येतं. पुण्याला जायचं म्हणजे रात्रीची ट्रॅव्हल्स, घरातलं सगळं मागे टाकून, हे मला कळतं. पण सततच्या उलट्यांनीच बँड सरकतो आणि वरची थैली ताणली जाते. मग एका सुईच्या कामाचं दुसरं ऑपरेशन होऊन बसतं.

आणि एवढ्यासाठीही थांबायचं नाही असे काही प्रसंग आहेत. पाण्याचा घोटही उतरेनासा झाला, आपलीच थुंकी गिळता येईना, पोटात जोराची कळ आली, ताप आला, उलटीत रक्त दिसलं, शौच काळी डांबरासारखी झाली किंवा पोर्टच्या (जिथून बँडमध्ये पाणी भरतात त्या कातडीखालच्या डबीच्या) जागी लाल होऊन दुखायला लागलं, तर पुण्याचा विचार बाजूला ठेवून जळगाव किंवा धुळ्याला जे मोठं रुग्णालय जवळ पडेल तिथं आधी पोचायचं.

आता वजन का अडलं ते. हा सिलिकॉनचा पट्टा अन्ननलिकेच्या तोंडाखाली, जठराच्या अगदी वरच्या भागाला गुंडाळलेला असतो. त्याच्या वर १५ ते ३० मिलिलिटरची एवढीशी थैली उरते. पट्ट्याच्या आतल्या अंगाला फुगा आणि तो एका नळीनं कातडीखालच्या पोर्टला जोडलेला. पोर्टमधून सलाईन भरलं की फुगा फुगतो, वाट अरुंद होते. काम एवढंच. चांगलं चावलेलं घन अन्न त्या वाटेनं हळूहळू सरकतं, तिथं दाब जाणवतो आणि मेंदूला वर्दी जाते की पुरे. पण नरसाळ्यातून गहू अडखळत जातो आणि तेल सरसर उतरतं, तसं इथंही होतं. दूध, रस, चहात विरघळलेलं बिस्किट, पातळ खिचडी यांना बँड अडवतच नाही. शिवाय जठर कापलेलं नाही, आतड्याची वाट बदललेली नाही. पोटात गेलेलं सगळं पूर्वीसारखंच अंगी लागतं.

म्हणजे तुमच्या बाबतीत झालं काय, तर बँड जास्त घट्ट झाला, म्हणून भाकरी-उसळीसारखं घन खाणं सुटलं. ते सुटलं म्हणून मऊ-गोड सुरू झालं. मऊ-गोडानं पोट भरल्यासारखं वाटत नाही, म्हणून दर दोन तासांनी काहीतरी. ताटात दिसतं एवढुसं, दिवसाची बेरीज केली तर पूर्वीइतकी. सासूबाईंना वाटतं तुम्ही उपाशी, तुम्हाला वाटतं बँड सैल. बँडच्या पेशंटमध्ये ही गल्लत पुष्कळदा दिसते आणि यात माणसाची हावरटपणाची सवय शोधत बसण्यात अर्थ नसतो. घास अडकण्याची भीती बसली की कोणीही मऊ खाण्याकडेच पळेल.

जाऊबाईंच्या भावाचं म्हणाल तर त्यांचं बहुतेक स्लीव्हचं ऑपरेशन असणार. आजकाल तेच जास्त होतं, बँड पूर्वीपेक्षा बराच कमी बसवला जातो. स्लीव्हमध्ये जठराचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग कापून काढून टाकतात. त्यांचा आणि तुमचा हिशोब एका वहीत मांडू नका. बँडवर आठवड्याला अर्धा ते एक किलो उतरणं म्हणजे व्यवस्थित चाललंय. तुमचे पहिल्या अडीच महिन्यांत ११ किलो गेले, तेव्हा गाडी रुळावरच होती.

पाणी काढून होईपर्यंत काय खायचं? या दिवसांत पातळ आणि मऊच घ्या, त्याला इलाज नाही, पण त्यात निवड करा. चहा-बिस्किटापेक्षा घट्ट दही बरं, दूध-भातापेक्षा मुगाचं घोटलेलं वरण बरं, केळ्यापेक्षा मऊ अंड्याची बुर्जी बरी. घास अडकून उलटी झाली की पुढचे २४ तास फक्त पातळ पदार्थ, कारण आतली वाट सुजलेली असते आणि लगेच खाल्लं की पुन्हा अडकतं. अडकलेला घास पाण्यानं ढकलायला जाऊ नका. पाणी खाली जाणार नाही, घासासकट वर येईल. उठून उभं राहायचं, सावकाश फेऱ्या मारायच्या, वाट बघायची. रात्रीचं जेवण झोपेच्या निदान तीन तास आधी, आणि उशी-गादी डोक्याकडून उंच.

बँड नीट बसला की मग खरं काम. तुम्ही अंडी खाता की नाही ते पत्रात नाही, मी खाता असं धरून लिहिते. खात नसाल तर पनीर-डाळ वाढवा.

आपल्या खान्देशी जेवणात बँडला चकवणारे पदार्थ कोणते, ते आधी ओळखून ठेवा. शेवभाजी हा त्यातला म्होरक्या. शेव रश्श्यात भिजून लगदा होते, वर तर्री, आणि त्यात भाकरी चुरून खायची आपली पद्धत. चुरलेलं, रश्श्यात भिजलेलं सगळं वाटेतून घसरतं; तीन वाट्या कधी गेल्या कळत नाही. केळीचे वेफर्स कुरकुरीत लागतात म्हणून घन वाटतात, पण तोंडातच त्यांचं पीठ होतं. जळगावच्या माणसाला वेफर्स सोडा म्हणणं जिवावर येतं, तरी म्हणते. शेव, चिवडा, फरसाण, बिबड्याही त्याच रांगेत. उसाचा रस, लस्सी, दुधाचे थंड प्रकार, सगळ्यांना मोकळी वाट. केळं वाईट नाही, रावेर-यावलच्या शेजारी राहून मी ते कसं म्हणू, पण अर्धं केळं, दिवसातून एकदा, आणि जेवणाऐवजी नव्हे.

दुसऱ्या टोकाला अडकणारे पदार्थ. बट्टी यात पहिली. जाड रव्याळ गव्हाची, उकडून तळलेली किंवा भाजलेली, तुपात माखलेली. चावली तरी तिचा चिवट गोळा होतो आणि थैलीत लाळ पिऊन फुगतो. तुम्ही दुसऱ्या घासाला अडकलात यात तुमचं काही चुकलं असं मला वाटत नाही, बट्टी ही बँडवाल्यांची गोष्टच नाही. ताजी मऊ पोळी, पाव आणि चिकट भात यांचंही तसंच. संत्र्या-मोसंबीच्या फोडींवरच्या साली, शेवग्याच्या शेंगा, धागेदार भाज्या, मटणाचे चिवट तुकडे जपून. उपास करत असाल तर साबुदाण्याची खिचडीही याच यादीत. ती अडकतेही आणि तिच्यात स्टार्चशिवाय फारसं काही नाही.

या दोन टोकांच्या मधे आपल्याकडे काय कमी आहे? दादरची, म्हणजे आपल्याकडच्या ज्वारीची, भाकरी पोळीपेक्षा पुष्कळांना सोपी जाते, कारण ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिवटपणा नसतो. पापुद्रा कडक भाजून घ्यायचा आणि सुका चावायचा, चुरायचा नाही. कळणाची भाकरी तर अधिक चांगली, तिच्यात उडीद आहे. भरीत चालेल, पण भरतात ताकदीचं काही नसतं, वर तेल आणि हिरव्या मिरचीचा जाळ. आंबट पाणी येतं तोवर मिरची अगदी कमी करा, मिरचीची झणझणीत डाळ-गंडोरीसुद्धा घरच्यांनाच. भरीत ताटात असेल तर चवीपुरतं, दोन चमचे.

माझ्या मते तुमच्यासाठी सगळ्यात कामाचा पदार्थ म्हणजे फुनके. तुरीची डाळ भिजवून जाडसर वाटलेली, लसूण-कोथिंबीर घालून वाफवलेली. तेल जवळजवळ नाही, प्रथिनं भरपूर, आणि चावावंच लागेल इतपत घट्ट. फक्त ते कढीत बुडवून कालवायचे नाहीत. फुनक्याचा छोटा तुकडा मोडायचा, कढीला जेमतेम टेकवायचा, चावायचा. वाटीभर कढी ओतली की फुनका वाहून खाली जातो आणि तासाभरात पुन्हा भूक. मटकी-मुगाची सुकी उसळ, उडदाची घट्ट डाळ, पनीरची बुर्जी, भिजवून पिळून बारीक केलेल्या सोयाबीनच्या वड्या, उकडलेलं अंडं हे तुमच्या ताटाचे मानकरी.

आकडे हवे असतील तर दिवसाला साधारण ६० ग्रॅम प्रथिनं हे ध्येय धरा. एका अंड्यात ६ ग्रॅम, ५० ग्रॅम पनीरमध्ये ९ च्या आसपास, ३० ग्रॅम कच्च्या डाळीत ७, तेवढ्याच शेंगदाण्यात साडेसात, ३० ग्रॅम कोरड्या सोया वड्यांत १५. दोन अंडी, दुपारी फुनके, संध्याकाळी पनीर, रात्री वड्यांची सुकी भाजी आणि दिवसभरात वाटीभर दही असं केलं की त्यातला मोठा भाग जमतो. किडनीचा त्रास असेल तर मात्र हा आकडा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, शुगरवाल्यांनी तर नक्कीच.

जेवायची रीत पदार्थांइतकीच महत्त्वाची, म्हणून जरा जवळून सांगते. मोठं ताट बाजूला ठेवा. एक छोटी वाटी, चहाचा चमचा. वाटीत जे मावेल ते आणि तेवढंच जेवण. आधी डाळ-अंडं-पनीर, मग भाजी, भाकरी सगळ्यात शेवटी. आपल्याकडे उलटं असतं, भाकरी मधे आणि बाकी सगळं तिला लावायला. तो क्रम तेवढा बदलायचा. घास करंगळीच्या नखाएवढा. तो तोंडात गेला की चमचा खाली ठेवायचा. वीस-पंचवीस वेळा चावायचं, गिळायचं आणि मग थोडं थांबायचं. घास खाली गेला की नाही हे तुमचं तुम्हालाच जाणवतं. दुसरा घास त्यानंतर. असं वाटीभर जेवण वीस-पंचवीस मिनिटं पुरतं. अर्ध्या तासाच्या पुढे ताणू नका, कारण मग वरचं खाली सरकत जातं आणि तुम्ही नकळत दुसरं जेवण सुरू करता. एखादी उचकी, नाकातून पाणी, छातीच्या हाडामागे भरल्यासारखं, यातलं काहीही आलं की वाटीत उरलेलं तिथंच सोडायचं. अन्न टाकू नये हे आपल्या हाडीमाशी खिळलेलं आहे, तेव्हा मुळात वाढूनच कमी घ्या. जेवताना मोबाइल आणि मालिका नको. बोलणंही थोडं कमी, निदान पहिले काही महिने, कारण गप्पांत घास न चावताच जातो.

पाण्याचा प्रश्न आपल्या भागात वेगळाच कठीण. बँडवाल्यांना सांगितलेलं असतं की जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा-पाऊण तास नाही. आणि इकडे एप्रिल-मे मध्ये भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या पुढे. उन्हातून आलं की तांब्या तोंडाला लावायची सवय. ते आता जमत नाही, छातीत गच्च होतं. म्हणून तहान लागायची वाटच बघायची नाही. सकाळी उठल्यापासून बाटली हाताशी, दर पाच-दहा मिनिटांनी दोन घोट, दिवसभरात दीड ते दोन लिटर. जेवायला बसण्याआधी पंधरा-वीस मिनिटं प्यायचं थांबायचं. जिरं-मीठ घातलेलं पातळ ताक दोन जेवणांच्या मधे उत्तम, पण बीपी आहे तेव्हा मीठ बेताचं. सोडा, कोल्ड्रिंक पूर्ण बंद, गॅसनं थैली फुगते आणि दुखतं. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडतंय.

गोळ्यांबद्दल तुम्ही सहज लिहिलंय, पण मला तिथं थांबावं लागतंय. गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली गोळी म्हणजे बहुधा डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनच्या जातीची. या गोळ्या जठराचं अस्तर सोलतात, अल्सर करतात, आणि बँड असलेल्या जठराला हे अजिबात परवडणारं नाही. बंद करा आणि डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉलवर या. दुसरं, वजन ११ किलो उतरल्यावर बीपी आणि शुगरच्या गोळीचा जुना डोस जास्त होऊ शकतो. उठताना चक्कर येते का, मधेच घाम फुटून थरथरतं का, ते बघा आणि गावातल्या फिजिशियनकडे या आठवड्यात बीपी-शुगर तपासून घ्या. डोस स्वतः कमी करू नका. मोठी गोळी अडकत असेल तर कुटायच्या आधी पाकिटावर एसआर, एक्सआर किंवा ईआर असं काही लिहिलंय का ते बघा. तशी गोळी सावकाश विरघळण्यासाठी बनवलेली असते, कुटली की सगळं औषध एकदम अंगात जातं. तिच्या ऐवजी दुसरं काही मिळतं, विचारा.

मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या ऑपरेशननंतर लिहून दिल्या असतील. ‘आता बरं आहे’ म्हणून त्या सोडल्या असतील तर पुन्हा सुरू करा. लोह आणि कॅल्शियम एकाच वेळी घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. आणि उलट्या बरेच दिवस चालल्या असतील तर सर्जनला बी-१ जीवनसत्त्वाबद्दल आवर्जून विचारा. ते कमी पडलं तर हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणं, डोळ्यांना दोन-दोन दिसणं असं होतं आणि त्यात उशीर चालत नाही.

केसांचं फार मनाला लावून घेऊ नका. भराभर वजन उतरल्यावर तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून केस गळतात, पुढच्या काही महिन्यांत नवे येतात. हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), बी-१२ तपासून घ्या, प्रथिनं वाढवा. तेलं आणि महागडी सीरमं घेऊन काही होणार नाही.

व्यायाम म्हणजे चालणं, आठवड्याला मिळून १५० मिनिटं. या दिवसांत ऊन चढायच्या आत, पाच-साडेपाचलाच निघा. गुडघे दुखत असतील तर दोनदा पंधरा-पंधरा मिनिटं. त्याच्या जोडीला खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं दहा वेळा, भिंतीला हात लावून ढकलणं दहा वेळा. नुसतं खाणं कमी करून उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि सासूबाई ज्या ‘त्राणा’विषयी बोलतात ते स्नायूंतच असतं. त्या अर्थानं त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. त्यांना एकदा फुनके करायला लावा, आणि सांगा की डॉक्टरांनी माझं खाणं कमी केलंय, डाळ कमी केलेली नाही. ज्या बाईनं आयुष्यभर घराला जेवू घातलंय तिला नुसतं ‘मला नको’ म्हटलं की तो अपमान वाटतो. ‘मला हे करून द्या’ म्हटलं की तीच तुमच्या बाजूनं चार पाहुण्यांशी भांडते.

आखाजीला जरूर जा. झोके, गौराई, मैत्रिणी, हे सगळं खाण्यासाठी सोडायचं कारण नाही. पण पाणी काढून झालेलं असेल तर. नसेल तर तिथला जेवणाचा आग्रह तुम्हाला झेपणार नाही. मांडा म्हणजे खापरावरची पुरणपोळी, तुपात भिजलेली, मऊ आणि लांबलचक. खापरावर भाजताना कडेला जो कुरकुरीत भाग होतो तेवढाच घ्या, चतकोराचाही अर्धा. रसाच्या वाटीऐवजी आंब्याच्या दोन-तीन फोडी चावून खा. चव तीच, आणि थांबायचं कुठे ते कळतं. रस वाटीनं प्यायचा म्हटलं की बँड असून नसल्यासारखाच. पंगतीत बसायच्या आधी घरून एक अंडं किंवा वाटीभर उसळ खाऊन निघालात तर ताटातलं नुसतं चाखता येईल. आईला आदल्या दिवशीच फोनवर सांगून ठेवा की माझ्या ताटात एकेक चमचाच वाढ. ऐन पंगतीत कोणी मावशी ‘खाई ले व माय!’ म्हणत दुसरी पोळी टाकायला आली, तर ऑपरेशनची कथा सांगत बसू नका. दहा जणी ऐकतील आणि दहा सल्ले देतील. ‘पोटाचं औषध चालू आहे, जास्त खाल्लं की उलटी होते’ एवढं पुरे. यात खोटंही काही नाही, आणि उलटीचं नाव काढलं की आग्रह जागच्या जागी थांबतो.

एक काम मात्र प्रवासाच्या आधी करून ठेवा. पुण्याच्या दवाखान्यातून एका कागदावर लिहून आणा: बँड कोणत्या कंपनीचा, कोणत्या साइजचा, त्यात एकूण किती मिली पाणी मावतं आणि सध्या किती आहे. दर वेळी पाणी भरलं किंवा काढलं की तारखेसह पुढची ओळ त्यावर लिहून घ्यायची. त्याचा फोटो मोबाइलमध्ये आणि नवऱ्याच्या मोबाइलमध्येही. कुठेही अडचण आली तर तिथल्या डॉक्टरांना हाच कागद लागतो. आणि पोर्टमध्ये नेहमीच्या इंजेक्शनची सुई कोणालाही घालू देऊ नका, ‘एवढंसं पाणी तर काढायचंय’ असं कोणी म्हटलं तरी. त्यासाठी ह्युबर नावाची वेगळी सुई येते. साध्या सुईनं पोर्टच्या पडद्याला भोक पडतं, पाणी झिरपत राहतं, आणि मग ते पोर्टच बदलावं लागतं.